उभ्या डोलकाठीची वाट

हार्लेमच्या उत्तरेला ए-९ हा महामार्ग एका रुंद कालव्यावरून जातो. दोन्ही दिशांना मोटारींची अखंड रांग असते. ठरलेल्या वेळी तिथे लाल दिवे लागतात, फाटके खाली येतात आणि डांबरी रस्त्याचा भलामोठा तुकडा आभाळाकडे उचलला जातो. खालून शिडाची एक यॉट जाते. तिच्यावर बहुधा दोनच माणसे असतात, एक सुकाणूपाशी आणि एक पुढे दोर घेऊन. त्या दोघांसाठी शेकडो मोटारी इंजिन बंद करून उभ्या राहतात. हॉर्न वाजवणारा कुणी नसतो.

जगात बहुतेक ठिकाणी रस्ता आला, पूल बांधला गेला आणि डोलकाठी संपली. नेदरलँड्समध्ये तसे झाले नाही. नैर्ऋत्येच्या व्लिसिंगेन बंदरातून ईशान्येच्या डेल्फझाइलपर्यंत, म्हणजे बेल्जियमच्या शेजारापासून जर्मनीच्या शेजारापर्यंत, डोलकाठी एकदाही न उतरवता देशाच्या पोटातून जाता येते. डच लोक या वाटेला ‘उभ्या डोलकाठीची वाट’ म्हणतात. मिडलबर्ग, डोर्ड्रेख्त, गौडा, हार्लेम किंवा अॅमस्टरडॅम, मग लेउवार्डेन, डोक्कुम, ग्रोनिंगेन अशी शहरे तिच्यावर लागतात. वाटेतला प्रत्येक पूल एक तर उघडतो, नाही तर इतका उंच असतो की डोलकाठी खालून जाते. समुद्रावर वादळ असले तरी ही वाट चालू असते.

मी मूळची वेंगुर्ल्याची. लग्नानंतर हार्लेमला आले आणि इथलीच झाले. नवऱ्याला शिडाच्या होडीचे वेड, त्यामुळे पुढच्या टोकाला दोर घेऊन उभे राहणे माझ्याकडे आले. डोलकाठीला हा मान कुणी दिला हा प्रश्न मला पहिल्याच उन्हाळ्यात पडला होता. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना मी तो विचारला. त्यांचे बालपण मालवाहू होडीवरच गेले होते. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले: ‘मान कसला, पैसा!’ पुढे वाचत गेले तसे त्यांचे म्हणणे पटत गेले.

ही गोष्ट १३ व्या शतकापर्यंत मागे जाते. बाल्टिक समुद्र आणि हॅम्बुर्गकडून फ्लँडर्समधल्या ब्रूखपर्यंत, म्हणजे आपण ब्रूज म्हणतो त्या शहरापर्यंत, मोठा व्यापार चाले. बाहेरून जायचे तर उत्तर समुद्राचा किनारा वाळूच्या टेकड्यांचा आणि उथळ. आसऱ्याला बंदर नाही आणि पश्चिमेचा वारा थेट किनाऱ्यावर लोटणारा. शहाणा तांडेल ती वाट टाळी. तो आतून येई: झाउडरझे नावाचा उपसागर, मग आय नावाची रुंद खाडी, तिथून स्पार्नडाम, स्पार्ना नदीने हार्लेम, पुढे हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर, ब्रासेमचे तळे, आल्फेन, खाउवे नदी आणि गौडा. गौड्यापासून हॉलंडचा आयसेल आणि शेवटी डोर्ड्रेख्त.

ही यादी मुद्दाम पूर्ण दिली, कारण आजची उभ्या डोलकाठीची वाट याच गावांवरून जाते. मधल्या काळात सरोवर आटवले गेले, उपसागराचे गोड्या पाण्याचे तळे झाले, राजे बदलले. वाट मात्र तीच राहिली.

हॉलंडच्या काउंटांनी या वाटेवर जकातनाकी बसवली. गौड्याला एक होते, स्पार्नडामला दुसरे. मग फर्मान निघाले की एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणाऱ्या जहाजांनी याच वाटेने जायचे. जकात काउंटाला मिळे आणि बाकी सगळे शहरांना. लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या दोन दरवाज्यांच्या कप्प्यापाशी, जहाज अडले की खलाशी उतरत, खात, पीत, मुक्काम करत. शिडे आणि दोर दुरुस्त होत. गौडा आणि हार्लेम ही दोन्ही बिअरची मोठी शहरे होती, आणि थांबलेल्या जहाजाइतके चांगले गिऱ्हाईक दुसरे नव्हते. डोर्ड्रेख्तला तर १२९९ पासून असा हक्क होता की नदीने येणारा माल आधी तिथल्या बाजारात उतरवून विक्रीला ठेवायचा.

आता दुसऱ्या शहरांनी जवळची वाट काढली तर? या एका भीतीने डोर्ड्रेख्त, गौडा आणि हार्लेम यांना शतकानुशतके एकत्र बांधून ठेवले. डेल्फ्ट आणि लायडन यांच्यामधून सरळ पाण्याची वाट होती. तिच्यावर लाइडसेनडाम इथे बंधारा होता. त्या बंधाऱ्यात मोठे जहाज जाईल असे लॉक होऊ नये म्हणून या तीन शहरांनी खटले लढवले, दरबारात वजन वापरले, प्रसंगी माणसे पाठवून काम मोडले. लहान होड्या बंधाऱ्यावरून ओढून पलीकडे टाकल्या जात, तेवढीच सवलत होती. अॅमस्टरडॅमच्या पश्चिमेलाही तसेच होते. कोस्टफरलोरनफार्ट नावाच्या कालव्याच्या तोंडाशी बंधारा होता आणि होड्या दोराने, चरकाने ओढून त्याच्यावरून नेत. त्या जागेला ओव्हरटूम म्हणत. लॉक बांधले असते तर जहाजे हार्लेमला वळसा न घालता थेट अॅमस्टरडॅमला गेली असती, आणि हार्लेमला ते परवडणारे नव्हते. तिथे लॉक झाले ते १९ व्या शतकाच्या आरंभी, जुने हक्क मोडीत निघाल्यावर. आज त्याच कालव्यातून मध्यरात्री यॉटींचा ताफा जातो. ज्या पाण्यात डोलकाठीला शिरू द्यायचे नाही म्हणून इतका आटापिटा झाला, तेच आता तिच्या वाटेचा भाग आहे.

शेजारच्या आजोबांचे म्हणणे मला पटले ते यामुळे. पाण्यावरच्या प्रेमाने कुणी पूल उघडते ठेवले नव्हते. एका शहराने दुसऱ्याचे वाटोळे करावे इतक्या चुरशीतून ते उघडते राहिले. गौड्याला आणि हार्लेमला आपल्या पाण्यावर स्थिर पूल बांधणे म्हणजे स्वतःच्या तिजोरीला कुलूप घालणे होते. म्हणून पूल बांधले ते उचलता येणारे. ती सवय शहरांच्या रचनेत इतकी मुरली की तिचे कारण संपल्यावरही ती टिकली.

दुसरीकडे होड्यांनीही आपली युक्ती काढली होती. त्यालक, स्कूत्ये असे जे जुने डच होड्यांचे प्रकार आहेत त्यांचा तळ सपाट असतो. बाजूंना पंखासारख्या दोन मोठ्या फळ्या असतात. त्यातली वाऱ्याच्या आडोशाकडची फळी पाण्यात सोडली की होडी बाजूला सरकत नाही. आणि त्यांची डोलकाठी बुडाशी एका मजबूत खाचेत बसवलेली, बिजागरीवर फिरणारी, खाली जड वजन लावलेली असते. समोर स्थिर पूल आला की शीड सोडायचे, डोलकाठी मागे आडवी करायची, असलेल्या वेगाने पुलाखालून निघायचे आणि पलीकडे पुन्हा उभी करायची. आजोबांच्या लहानपणी हे काम घरातली सगळी माणसे मिळून करत. आई सुकाणूवर, वडील चरकावर आणि मुले दोर मोकळे ठेवायला. एखादा दोर अडकला तर डोलकाठी पुलावर आदळायची, म्हणून या कामाच्या वेळी कुणी बोलत नसे, असे ते सांगत.

आजच्या यॉटला हे जमत नाही. तिची अॅल्युमिनियमची उंच डोलकाठी पोलादी तारांनी चहूबाजूंनी ताणलेली असते. ती उतरवायची तर क्रेन लागते. त्यामुळे ज्या काळात मालवाहू होड्यांनी इंजिने बसवून डोलकाठ्या कापून टाकल्या, नेमक्या त्याच काळात हौशी लोकांच्या न वाकणाऱ्या डोलकाठ्या वाढल्या.

हार्लेममधून स्पार्नाने जाताना हा सगळा इतिहास पाण्याच्या पातळीवरून दिसतो. दक्षिणेकडून आलात तर क्रुक्वियसपासून आत वळायचे. मग एकामागून एक पूल लागतात. डाव्या काठाला १५९८ चे जुने वजनघर आहे. बोटीतून उतरलेला माल इथे तोलला जाई, आणि लिव्हेन द के या वास्तुकाराच्या नावावर ती दगडी इमारत सांगितली जाते. शेजारीच टेलर संग्रहालय, १७८४ पासून लोकांना खुले असलेले. त्याच्यासमोर ग्राव्हस्टेनेनब्रुख हा पांढरा, दोन पाखांचा उचलता पूल फक्त पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी आहे. पुढे वळणावर आद्रियान ही पवनचक्की. १७७९ ची मूळ चक्की १९३२ मध्ये जळाली. गावाने ती २००२ मध्ये पुन्हा उभी केली. त्यानंतर रेल्वेचा पूल. इथे खरी परीक्षा असते, कारण रस्त्यावरचा पूल होडीसाठी थांबतो, पण रेल्वे आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच वाट देते. वेळ चुकली की पुढच्या वेळेपर्यंत धक्क्याला बांधून राहायचे.

पुलासमोर थांबणे हीच या प्रवासातली मोठी कला आहे. नवखा माणूस समजतो की पूल उघडला की गेलो. पण पूल उघडेपर्यंतची काही मिनिटे जड असतात. एकच लाल दिवा असेल तर पूल बंद आहे, पण चालवणारे कुणी तरी आहे. लाल आणि हिरवा एकत्र लागले की उघडण्याची तयारी चालली. फक्त हिरवा लागला की निघायचे. एकावर एक दोन लाल असतील तर त्या पुलाची सेवाच बंद आहे, तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही. पूर्वी भोंग्याने एक लांब, एक आखूड, एक लांब असा आवाज देऊन पूल मागत; तो संकेत नियमात अजून आहे. आता बहुतेक जण मारिफोनवर, म्हणजे होडीवरच्या बिनतारी फोनवर, आपले नाव आणि डोलकाठीची उंची सांगतात.

या वाट पाहण्यात वारा सगळ्यात त्रास देतो. मोकळ्या पाण्यावर तो सरळ येतो. शहरात घरांच्या रांगांमध्ये तो आडोशाला लपतो आणि एखाद्या गल्लीच्या तोंडाशी अचानक बाजूने धडकतो. शिडे गुंडाळलेली असली तरी डोलकाठी आणि तारा वारा धरतात. इंजिन मागे टाकले की पंख्याच्या फिरण्याने यॉटचे शेपूट एका बाजूला ओढले जाते; कुठल्या बाजूला ते प्रत्येक होडीचे वेगळे असते आणि ते माहीत असावेच लागते. मागे अजून चार यॉटी, उजवीकडे पर्यटकांनी भरलेली काचेची बोट, डावीकडे विटांची भिंत. इतक्या जागेत तरंगत, न हलता थांबायचे.

बांधण्याचा नियम आजोबांनी मला शिकवला आणि मी तो इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते: आधी मधला दोर. पुढचा दोर आधी बांधला तर मागचे टोक बाहेर जाते, मागचा आधी बांधला तर नाक बाहेर जाते. मधल्या कड्यातला दोर धक्क्यावरच्या खुंटाला एक वेढा घालून परत होडीवर घ्यायचा. मग होडी कुठेच पळत नाही आणि बाकीचे दोर सावकाश बांधता येतात. हात कधी होडी आणि भिंत यांच्यामध्ये घालायचा नाही, तिथे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी उशी, जाते. आणि लॉकमध्ये दोर क्लीटला, म्हणजे होडीवरच्या खुंटीला, आवळून बांधायचा नाही, हातातच ठेवायचा, कारण पाणी उतरते तेव्हा बांधलेली होडी भिंतीला टांगली जाते.

हार्लेमनंतर स्पार्नडाम. लहानपणी आपण सगळ्यांनी बंधाऱ्याच्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेल्या शूर मुलाची गोष्ट ऐकलेली असते. त्याचा पुतळा इथे १९५० मध्ये बसवला. ती गोष्ट १८६५ मध्ये एका अमेरिकन लेखिकेने लिहिलेल्या पुस्तकातून जगभर पसरली. इथल्या बंधाऱ्याचा खरा इतिहास जकातीचा आहे, आणि मला तो त्या गोष्टीपेक्षा जास्त रोचक वाटतो.

जकातीच्या वाटेला पहिला मोठा पर्याय आला तो मालाचा नव्हता, प्रवाशांचा होता. १६३२ मध्ये अॅमस्टरडॅम ते हार्लेम असा सरळ कालवा खोदला गेला आणि त्यावर घोड्याने ओढायच्या प्रवासी होड्या सुरू झाल्या. ट्रेकस्खाउट म्हणत त्यांना. काठावरच्या पायवाटेने घोडा चाले, होडी ताशी सुमारे सात किलोमीटरने सरके, आणि ठरलेल्या वेळी घंटा वाजली की माणसे भरलेली असोत वा नसोत, होडी सुटे. त्या काळात युरोपात वेळापत्रकाने चालणारे दुसरे वाहन शोधून सापडणे कठीण होते. वाटेत हाल्फवेख इथे बंधारा आडवा होता, म्हणून प्रवासी उतरत, पायी पलीकडे जात आणि दुसऱ्या होडीत बसत. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत शहराशहरांनी असे साडेसहाशे किलोमीटरचे जाळे विणले. २० सप्टेंबर १८३९ ला देशातली पहिली आगगाडी धावली तीही अॅमस्टरडॅम ते हार्लेम, त्याच कालव्याला लागून. ओढहोडी हळूहळू संपली.

मधले हार्लेमचे सरोवर मात्र वाढतच होते. वादळात त्याच्या लाटा काठ खात, गावे गिळत; लोक त्याला पाणलांडगा म्हणत. १८४० पासून त्याच्याभोवती वळसा घालणारा कालवा खोदला गेला, मग तीन वाफेच्या पंपघरांनी १८४९ ते १८५२ या काळात सगळे पाणी उपसून त्यात टाकले. त्यातले एक पंपघर म्हणजे क्रुक्वियस, आज संग्रहालय आहे. हा वळसा-कालवा जहाजांसाठीही होता. सरोवर गेले तरी गौडा-हार्लेम वाट चालू राहिली पाहिजे, हा आग्रह सुटला नाही. त्या आटलेल्या तळावर पुढे स्खिपोल विमानतळ झाला. यॉट घेऊन त्या कालव्यातून जाताना बांधाच्या पलीकडे विमाने दिसतात, आणि ती तुमच्या होडीच्या तळापेक्षाही खाली जमिनीवर उभी असतात.

अॅमस्टरडॅमची गोष्ट वेगळी आहे आणि अनेकांचा इथे गैरसमज होतो. चित्रात पाहिलेले हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे १६१३ पासून खोदलेले, २०१० मध्ये जागतिक वारसा ठरलेले कालवे डोलकाठीसाठी बंदच आहेत. त्यांच्यावरचे बहुतेक पूल स्थिर, कमानीचे आहेत. मोठी जहाजे तेव्हाही तिथे येत नसत. ती शहरासमोर आयमध्ये खांबांच्या रांगांना बांधून राहत, आणि माल सपाट होड्यांतून कालव्यांतल्या गोदामांकडे जाई. खांबांच्या रांगांत जाण्यायेण्याच्या फटी होत्या. त्या रात्री तरंगत्या ओंडक्यांनी बंद करत. बंद करण्याआधी घंटा वाजे. उशीर झालेल्यांसाठी पाण्यातच लाकडी खांबांवर नगराची खाणावळ होती.

पूर्वेकडून आलेली डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तर इथवरही पोहोचत नसत. वाटेतला पाम्पुसचा उथळ भाग त्यांना अडवी, म्हणून ती उत्तरेला टेक्सेल बेटापाशी नांगर टाकत आणि माल लहान होड्यांत चढवून शहरात आणला जाई. १६३७ मध्ये या कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष माझ्या माहेरच्या गावात आजही उभे आहेत, आणि शाळेत असताना आम्ही तिथे खेळायला जात असू. आमच्या किनाऱ्याच्या नोंदी, पत्रे आणि माल याच टेक्सेलच्या वाटेने या शहरात आले. क्लोव्हेनिर्सबर्गवालवरच्या ईस्ट इंडिया हाउससमोरून जाताना मला प्रत्येक वेळी घर आठवते.

अॅमस्टरडॅमचा समुद्राशी असलेला संबंध तोडला तो रेल्वेने. आयच्या पात्रात तीन कृत्रिम बेटे तयार करून त्यांच्यावर मध्यवर्ती स्टेशन उभे केले. ते १८८९ मध्ये उघडले. शहर आणि बंदर यांच्यामध्ये रुळांची भिंत आली. माझ्या मते या शहराने स्वतःचे केलेले सगळ्यात मोठे नुकसान ते हेच. काही कालवेही त्याच काळात बुजवले गेले. १८८४ मध्ये नियुवेझाइड्स फोरबर्गवाल बुजवला आणि तिथे रस्ता झाला.

म्हणून आज अॅमस्टरडॅममधून उभ्या डोलकाठीने जायचे तर रात्रीच जावे लागते. दक्षिणेला शहराच्या वळण-महामार्गावरचा आणि त्याला लागून असलेला रेल्वेचा पूल, उत्तरेला हार्लेमकडे जाणाऱ्या रुळांचे पूल. दिवसा या रुळांवरून गाड्या इतक्या दाट जातात की पूल उघडणे शक्यच नसते. त्यामुळे यॉटी संध्याकाळपासून न्यूवे मेर तळ्यापाशी किंवा उत्तरेच्या बाजूला जमतात. मध्यरात्रीनंतर ताफा निघतो. स्खिंकल, मग कोस्टफरलोरनफार्ट, मग वेस्टर कालवा. एक पूल उघडला की सगळ्या यॉटी एकमेकींच्या अगदी मागे मागे जातात, मागचा बंद होतो, पुढचा उघडू लागतो. कुणी मागे राहिले तर सगळ्यांचा खोळंबा. दोन-तीन तास हे चालते. एके काळी ज्या शहराचे पाणी रात्री ओंडक्यांनी बंद होई, तेच आता फक्त रात्री उघडते.

दोन्ही काठांवर झोपलेली घरे, सायकलींच्या रांगा, पुलाच्या फाटकापाशी थांबलेला एखादा तरुण. आपल्या यॉटचे डोलकाठीवरचे दिवे दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांजवळून सरकतात. वाटेत ओव्हरटूमसे स्लाउस नावाचा पूल लागतो. त्याच्या नावात लॉक आहे, पाण्यात मात्र आता लॉक नाही. आजूबाजूच्या यॉटींवर ही जागा कोणती हे फार थोड्यांना माहीत असते. मी सांगते. पुढच्या यॉटवरच्या अनोळखी माणसांनासुद्धा ओरडून सांगितले आहे. आपण कुठल्या भांडणाच्या जागेवरून जात आहोत हे माहीत असले की रात्रीचे जागरण सार्थकी लागते.

२० व्या शतकाने डोलकाठीला खरे तर संपवायला हवे होते. माल ट्रकवर गेला, होड्यांना इंजिने लागली, १९३२ मध्ये आफ्स्लाउटडाइक बांधून झाउडरझेचे आयसेलमेर तळे झाले. महामार्ग आले. त्या वेळी देशाने जे केले त्याचे मला मनापासून कौतुक आहे. काही ठिकाणी रस्त्यालाच पाण्याखाली नेले. १९६१ मध्ये वळसा-कालव्याखालून ए-४ महामार्ग काढला. पाणी वर, मोटारी खाली. १९८१ मध्ये गौड्याजवळ खाउवेखालून ए-१२ गेला. खाउवेवरच वाडिंक्सफेन, बोस्कोप आणि आल्फेनला १९३० च्या दशकात बांधलेले तीन सरळ वर उचलले जाणारे पूल आहेत. दोन मनोऱ्यांच्या मधून सबंध रस्ता आडवाच वर चढतो. १९३६ मध्ये गौड्याच्या बाहेर युलियाना लॉक झाले आणि जहाजांना गावाच्या आत शिरायची गरज राहिली नाही. १९९० च्या सुमारास केंद्र सरकार आणि प्रांत यांनी मिळून हौशी नौकानयनासाठी देशभरच्या जलमार्गांचा एक आराखडा ठरवला आणि डोलकाठीच्या वाटा त्यात नोंदल्या गेल्या. मध्ययुगातली शहरांची ओढाताण अशी सरकारी कागदावर आली.

ही वाट चालवली ती मात्र पूलवाल्यांनी, आणि त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. प्रत्येक पुलाला एक छोटी खोली, तिच्यात एक माणूस. तो पाणी पाहतो, वारा पाहतो, फाटकाखालून घुसणारा सायकलवाला पाहतो. काही गावांत त्याच्याकडे मासे पकडायची काठी असते आणि तिच्या दोरीला टांगलेला लाकडी बूट. यॉट पुलाखालून जात असताना तो बूट तुमच्यापर्यंत झुलवत आणतो आणि तुम्ही त्यात पुलाचे पैसे टाकायचे. थांबायचे नाही, वेग कमी करायचा नाही. उत्तरेच्या फ्रिझलँडमध्ये हे अजून पाहायला मिळते. जकातीची जी साखळी काउंटांच्या काळात सुरू झाली तिचे हे सगळ्यात छोटे आणि सगळ्यात माणुसकीचे रूप.

आता या खोल्या रिकाम्या होत आहेत. एका मध्यवर्ती केंद्रात बसून, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत, एक माणूस अनेक पूल चालवतो. खर्च वाचतो हे खरे. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये झानडाममध्ये दुरून चालवलेला पूल उघडत असताना त्यावर असलेली एक स्त्री पडून मरण पावली, आणि देशाच्या सुरक्षा-तपास मंडळाला या पद्धतीची चौकशी करावी लागली. पडद्यावर दिसणारे आणि खोलीच्या खिडकीतून दिसणारे सारखे नसते. मी दोर घेऊन पुढे उभी असते तेव्हा वर खिडकीत एक चेहरा आहे आणि त्याने मला पाहिले आहे, हे कळणे फार मोठे असते. त्याने हात वर केला की निघायचे, एवढाच व्यवहार. कॅमेऱ्याला हात करून काही होत नाही.

डच मित्रांशी मी यावर वाद घालते. पुलांवर, लॉकांवर, एवढेच काय पाण्याखालून जाणाऱ्या महामार्गांवर कोट्यवधी खर्च करणारा देश खिडकीतल्या माणसाचा पगार वाचवतो, हे मला पटत नाही. ज्या शहरांना या वाटेने श्रीमंत केले त्या गौड्याने आणि हार्लेमने तरी आपल्या जुन्या पुलांवर माणूस ठेवावा.

तुम्ही इकडे येणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर या काळात या. हिवाळ्यात पुलांच्या वेळा फार कमी होतात. यॉट नसली तरी चालेल. हार्लेमला स्टेशनवर उतरून दहा-पंधरा मिनिटे चाललात की ग्राव्हस्टेनेनब्रुख लागतो. त्याच्या कठड्यापाशी उभे राहा, घंटा वाजली की फाटकाच्या मागे या, आणि खालून यॉट गेली की तिच्यावरच्या माणसांना हात करा. ते नेहमी उलट हात करतात.